व्यायाम आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग

रजोनिवृत्तीनंतर नियमित व्यायाम किंवा शारीरिक श्रम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण, बैठे आयुष्य जगणाऱ्या स्त्रियांपेक्षा काहीसे कमी आढळते. ही घट साधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असून ती अनेक देशांतील मोठ्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली, व्यायामामुळे स्तनाच्या कर्करोगाला प्रतिबंध होत असल्याचा पुरेसा पुरावा असल्याचे नमूद केले. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालाने हा संबंध ‘संभाव्य’ या श्रेणीत, म्हणजे निर्णायक पुराव्याच्या एक पायरी खाली ठेवला.

हे निष्कर्ष प्रामुख्याने अमेरिका व युरोपातील, फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्या स्त्रियांवरून काढलेले आहेत. महाराष्ट्रातील जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे बहुसंख्य स्त्रिया आयुष्यभर शेतात राबतात आणि ‘व्यायाम’ हा शब्द स्वतःसंबंधी क्वचितच वापरतात, तेथे ते कसे लागू पडतात हा स्वतंत्र प्रश्न आहे.

रजोनिवृत्ती

सलग बारा महिने मासिक पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी वयाच्या ४६ व्या वर्षाच्या आसपास येते. पाश्चात्त्य देशांत हे वय सुमारे ५१ आहे. अंडाशयातील बीजकोश संपत आल्याने इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती जवळजवळ थांबते.

पाळी बंद होणे आणि रजोनिवृत्ती या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. गर्भाशय काढून टाकल्यास पाळी थांबते, परंतु अंडाशय जागेवर असतील तर इस्ट्रोजेनचे स्रवणे पुढे काही वर्षे चालू राहू शकते. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयही काढले गेल्यास मात्र रजोनिवृत्ती तत्काळ येते. मराठवाड्यात हा भेद केवळ पुस्तकी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली होती. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जालना जिल्ह्यातूनही दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. अशा स्त्रीच्या बाबतीत ‘पाळी गेली’ एवढ्या माहितीवरून तिच्या शरीरातील संप्रेरकांची स्थिती सांगता येत नाही. शस्त्रक्रियेत नेमके काय काढले गेले हे कागदपत्रांवरून पाहावे लागते. अंडाशय लवकर काढल्याने स्तनाच्या कर्करोगाची जोखीम कमी होते खरी, पण हाडे ठिसूळ होण्याची आणि हृदयविकाराची जोखीम वाढते.

जैविक यंत्रणा

रजोनिवृत्तीनंतर अंडाशय थांबले तरी शरीरातील इस्ट्रोजेन पूर्णपणे नाहीसे होत नाही. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन गटातील संप्रेरके तयार करीत राहतात. चरबीच्या ऊतींमधील अरोमाटेज नावाचे विकर त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे या वयात शरीरातील चरबी हाच इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना ठरतो. चरबी जितकी अधिक, तितके इस्ट्रोजेन अधिक. स्तनाच्या बहुसंख्य गाठींमधील पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही असतात आणि त्या पेशींच्या वाढीला हे संप्रेरक चालना देते.

या साखळीचे महत्त्व दोन बाजूंनी तपासले गेले आहे. २००२ मध्ये नऊ अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, ज्या रजोनिवृत्त स्त्रियांच्या रक्तात इस्ट्राडिओलचे प्रमाण सर्वाधिक होते त्यांना, सर्वांत कमी प्रमाण असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दुप्पट जोखीम आढळली. दुसरी बाजू औषधांची आहे. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल ही या वयातील रुग्णांना सर्रास दिली जाणारी औषधे अरोमाटेजचेच काम रोखतात.

व्यायामाने चरबी घटते आणि त्यासोबत इस्ट्रोजेनही घटते, हा त्याच्या परिणामाचा मुख्य मार्ग मानला जातो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ३२० रजोनिवृत्त स्त्रियांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत एका गटाला वर्षभर आठवड्याला २२५ मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. वर्षअखेरीस या गटातील स्त्रियांच्या रक्तात इस्ट्राडिओल घटले आणि संप्रेरकाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढले. त्यानंतर त्याच प्रांतात ४०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आठवड्याला १५० आणि ३०० मिनिटे व्यायामाची तुलना केली गेली; ३०० मिनिटांच्या गटात चरबीची घट अधिक होती.

चरबी हा एकमेव मार्ग नव्हे. श्रम करणाऱ्या स्नायूंना कमी इन्सुलिन पुरते. रक्तात सतत वाढलेले इन्सुलिन पेशींच्या विभाजनाला उत्तेजन देते, म्हणून ते कमी राहणे लाभदायक मानतात. दीर्घकाळ चालणारा सौम्य दाह व्यायामाने कमी होतो. या मार्गांचा वाटा प्रत्येकी किती, हे अद्याप वेगळे काढता आलेले नाही. वजन फारसे न घटताही काही अभ्यासांत व्यायामाचा लाभ दिसतो, यावरून तो केवळ चरबीतून येत नाही एवढे म्हणता येते.

प्रमुख अभ्यास

कर्करोग होण्यास अनेक वर्षे लागत असल्याने, हजारो स्त्रियांना व्यायाम करण्यास किंवा न करण्यास सांगून वीस वर्षे थांबणे शक्य नसते. म्हणून पुरावा मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांतून आला आहे. निरोगी स्त्रियांच्या सवयींची नोंद करायची आणि पुढे कोणाला आजार होतो ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत असते.

अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ७४,१७१ स्त्रियांच्या अभ्यासात (२००३) आठवड्याला सव्वा ते अडीच तास भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये, व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा जोखीम १८ टक्क्यांनी कमी होती. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अभ्यासात (२०१३) ७३,६१५ रजोनिवृत्त स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांचा फावल्या वेळातला व्यायाम फक्त चालण्यापुरता होता, त्यांच्यात आठवड्याला सात तास किंवा अधिक चालणाऱ्यांची जोखीम तीन तास किंवा त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळली. चालण्यासाठी उपकरण, सभागृह वा शुल्क लागत नाही, म्हणून हा अभ्यास ग्रामीण वाचकासाठी विशेष उपयोगी आहे.

पुढचे दोन अभ्यास व्यायामाच्या काळासंबंधी आहेत आणि जालन्याच्या संदर्भात तेच अधिक बोलके आहेत. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२०१०) ९५,३९६ रजोनिवृत्त स्त्रियांची वीस वर्षे पाहणी झाली. रोज सुमारे तासभर भरभर चालण्याइतका श्रम करणाऱ्यांची जोखीम १५ टक्क्यांनी कमी होती. रजोनिवृत्तीच्या वेळी ज्या फारशा हालचाल करीत नव्हत्या, पण नंतर ती वाढवली, त्यांनाही सुमारे १० टक्के लाभ मिळाला. म्हणजे उशिरा केलेली सुरुवात वाया जात नाही. फ्रान्समधील ५९,३०८ रजोनिवृत्त स्त्रियांच्या अभ्यासात (२०१४) याची उलट बाजू दिसली. गेल्या चार वर्षांत नियमित हालचाल असणाऱ्यांची जोखीम सुमारे १० टक्क्यांनी कमी होती. मात्र ज्या पाच ते नऊ वर्षांपूर्वी सक्रिय होत्या आणि नंतर थांबल्या, त्यांच्यात हा लाभ उरला नव्हता. या निष्कर्षानुसार व्यायामाचे संरक्षण बँकेतील मुदतठेवीसारखे साठून राहत नाही.

निरीक्षणात्मक अभ्यासांवर एक नेहमीचा आक्षेप असतो. नियमित चालणारी स्त्री अन्य बाबतींतही वेगळी असू शकते. ती मद्य कमी घेत असेल, तिचे शिक्षण व उत्पन्न अधिक असेल, किंवा जिला आधीच बरे वाटत नाही अशी स्त्री चालायला जातच नसेल. विश्लेषणात या घटकांचा हिशेब केला जातो, तरी तो पूर्ण होतोच असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हा दोष टाळण्यासाठी आनुवंशिक पद्धत वापरली गेली. युरोपीय वंशाच्या १,३०,९५७ स्त्रियांच्या जनुकीय माहितीवरून, जन्मतः अधिक हालचालीकडे कल असणाऱ्या स्त्रियांत हा आजार कमी आढळला. हा निष्कर्ष कार्यकारणभावाला बळ देतो.

जोखीम ‘घटते’ याचा अर्थ

टक्केवारी ऐकताना तिचा पाया विसरला जातो. समजा, विशिष्ट वयाच्या १०,००० बैठ्या स्त्रियांपैकी १०० जणींना पुढील काही वर्षांत हा आजार होणार आहे. सर्वांनी नियमित व्यायाम केला आणि जोखीम १५ टक्क्यांनी घटली, तर हा आकडा १०० वरून ८५ वर येईल. त्या ८५ जणींनीही व्यायाम केलेलाच असेल. म्हणून ‘व्यायाम करणाऱ्याला कर्करोग होत नाही’ हे विधान चुकीचे आहे, आणि ‘तिला झाला म्हणजे तिने स्वतःची काळजी घेतली नाही’ हे त्याहून चुकीचे. वय, पहिली पाळी लवकर येणे, रजोनिवृत्ती उशिरा होणे, अपत्य नसणे किंवा पहिले अपत्य उशिरा होणे, कुटुंबातील इतिहास हे घटक व्यायामाने बदलत नाहीत.

बदलता येण्याजोग्या घटकांत लठ्ठपणा महत्त्वाचा आहे. देहभार निर्देशांकातील प्रत्येक पाच एककांच्या वाढीमागे रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. भारतीय स्त्रियांत एकूण वजनापेक्षा पोटाभोवती साठलेली चरबी अधिक सूचक ठरते, असे मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात २००९ ते २०१३ या काळात केलेल्या तुलनात्मक अभ्यासातून दिसले. कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांत, रजोनिवृत्ती झालेली असो वा नसो, या आजाराची जोखीम वाढलेली होती. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या पण पोट सुटलेल्या स्त्रीला वजनकाटा दिलासा देतो, मोजपट्टी देत नाही.

घरकाम आणि शेतमजुरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र शारीरिक हालचाल करावी, तसेच किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. मध्यम हालचालीची ओळख सोपी आहे: श्वास वाढतो, बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. संघटनेच्या व्याख्येत घरकाम, रोजगार, प्रवास व खेळ या सर्वांतील हालचाल मोजली जाते.

या व्याख्येने पाहिल्यास विहिरीवरून पाणी आणणे, डोक्यावर सरपणाची मोळी वाहणे, ऊसाची मोळी गाडीत चढवणे ही कामे मध्यम ते तीव्र गटात मोडतात. खुरपणी आणि कापूस वेचणीचे स्वरूप निराळे आहे. ती कामे तासन्‌तास चालतात, कंबर मोडते, पण हालचालीची गती मंद असते. थकवा आणि व्यायाम या एकच गोष्टी नाहीत. उन्हात वाकून सात तास काम केलेल्या स्त्रीचे अंग दुखते याचा अर्थ तिचे हृदय व फुप्फुसे त्या प्रमाणात राबली असा होत नाही. याउलट, ‘शेतकाम म्हणजे व्यायाम नव्हे’ असे सरसकट म्हणणेही तितकेच निराधार आहे.

पाश्चात्त्य अभ्यासांत व्यवसायातील श्रम बहुधा कामाच्या नावावरून ठरवला जातो. कारकून म्हणजे बैठी, कारखान्यातील कामगार म्हणजे श्रमिक, अशी विभागणी खरीप आणि रब्बीच्या हंगामानुसार बदलणाऱ्या कामाला बसत नाही. भारतात चेन्नई व तिरुवनंतपुरम येथे १,८६६ रुग्ण आणि १,८७३ निरोगी स्त्रिया यांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरी व ग्रामीण अशा दोन्ही स्त्रियांचा समावेश होता. घरकामात अधिक वेळ राबणाऱ्या स्त्रियांत, रजोनिवृत्तीपूर्वी व नंतरही, जोखीम कमी दिसली. भारतीय स्त्रीच्या हालचालीचा मोठा भाग घरातच घडतो हे पाहता, केवळ मैदानावरचा व्यायाम विचारणारी प्रश्नावली येथे अपुरी ठरते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. पुरुषांसाठी हा आकडा ९७ आहे.

तरीही एकूण चित्र सक्रियतेचे नाही. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींच्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणात (२०१४) निम्म्याहून अधिक, ५४.४ टक्के, लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के आणि ग्रामीण भागात ५० टक्के होते. मनोरंजन म्हणून व्यायाम करणारे दहा टक्क्यांपेक्षा कमी होते. खेड्यातला प्रत्येक माणूस कष्टकरी असतो, ही समजूत या आकड्यांत टिकत नाही.

महाराष्ट्रातील नोंदी

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १,९२,००० नवे रुग्ण आणि ९८,००० मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये हा आता सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे.

राज्यातील दोन नोंदणी कार्यालयांची तुलना या विषयात नेहमी केली जाते. मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकात सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या क्षेत्रात येतात. खेड्यातील रुग्ण आपणहून रुग्णालयात येईल याची वाट न पाहता नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत आणि लक्षणे असलेल्यांना तपासणीस पाठवत. या नोंदींनुसार बार्शी परिसरात स्तनाच्या कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी राहिले आहे, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे दीर्घकाळ पहिल्या स्थानी होता.

हा फरक श्रमामुळेच आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु बार्शीकडच्या स्त्रीची पहिली प्रसूती मुंबईच्या स्त्रीपेक्षा लवकर होते, मुले अधिक होतात, ती मुलांना अधिक काळ अंगावर पाजते आणि तिच्या शरीरात चरबी कमी असते. हे सर्व घटक स्वतंत्रपणे संरक्षक आहेत. श्रमाचा वाटा त्यांच्यातून वेगळा काढता येत नाही. शिवाय ते घटक बदलत आहेत: लग्नाचे वय वाढले, मुले एक किंवा दोनवर आली. आजची तिशीतली ग्रामीण स्त्री वयाच्या साठीत पोचेल तेव्हा आईला मिळालेले संरक्षण तिच्याकडे नसेल.

जालना जिल्हा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा व जाफराबाद असे आठ तालुके त्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९.५९ लाख असून सुमारे ८१ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन व मोसंबी ही प्रमुख पिके, तर बियाणे उद्योग आणि पोलादाचे कारखाने ही जालना शहराची ओळख.

जवळच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९७८ पासून कर्करोग नोंदणी आहे, पण ती शहरी क्षेत्रासाठी आहे. जालन्याच्या ग्रामीण भागाशी साम्य असलेली आकडेवारी बार्शीची, तसेच बीड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांसाठीच्या नोंदणीचीच मानावी लागते.

फ्रान्स व अमेरिकेतील वर उल्लेखिलेले निष्कर्ष येथे एका विशिष्ट टप्प्यावर लागू पडतात: शेतातले काम सुटते तो टप्पा. पन्नाशीच्या आसपास घरात सून येते, गुडघे दुखू लागतात, खुरपणीच्या जागी तणनाशक येते, नळ दारात आणि गॅस स्वयंपाकघरात येतो. काही कुटुंबे मुलाच्या नोकरीमुळे जालना किंवा संभाजीनगर शहरात राहायला जातात. तीस वर्षे राबलेल्या स्त्रीची हालचाल दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येते, आहार मात्र कष्टाच्या दिवसांचाच राहतो. हा बदल नेमका रजोनिवृत्तीच्या वयात घडतो, जेव्हा चरबी हा इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत बनलेला असतो. पाणी आणि सरपणाचे ओझे उतरणे हे स्त्रियांच्या आयुष्यातील निर्विवाद सुख आहे. त्यातून सुटलेल्या हालचालीची जागा दुसऱ्या कशाने भरली जात नाही, एवढीच यातली अडचण. पूर्वीच्या कष्टांच्या जोरावर ‘आम्हाला कसला व्यायाम’ असे म्हटले जाते, ते उपलब्ध पुराव्याशी जुळत नाही.

सर्वांसाठी एकच सल्लाही उपयोगाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २३ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या आणि सुमारे २१ टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या. भूमिहीन मजूर कुटुंबातील कृश स्त्रीला वजन घटवण्यास सांगणे निरर्थक, कधी घातकही ठरते. तिला पुरेसा आहार, विश्रांती आणि हाडांसाठी कॅल्शियम व प्रथिने लागतात.

व्यायामाचे प्रकार स्थानिक जीवनातूनही मिळतात. पहाटे किंवा संध्याकाळी गावाच्या रस्त्याने भरभर चालणे हा सर्वांत अभ्यासलेला प्रकार. मंगळागौरीतील फुगडी, झिम्मा यांसारखे खेळ तीव्र व्यायामाच्या गटात येतात, पण ते वर्षातून थोडेच दिवस चालतात. आषाढी वारीत अनेक स्त्रिया दोन-तीन आठवडे रोज लांबचे अंतर चालतात. वर्षभराच्या सवयीची जागा तीही घेऊ शकत नाही. उन्हाळ्यात मराठवाड्याचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, म्हणून त्या काळात वेळ बदलावी लागते. गुडघेदुखी, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढ करतात.

व्यायाम आणि तपासणी

व्यायाम गाठ होण्याची शक्यता कमी करतो. झालेली गाठ तो शोधत नाही. ही दोन कामे वेगळी आहेत आणि भारतात दुसरे अधिक मागे आहे. याच सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ०.९ टक्के स्त्रियांची कधीतरी स्तनतपासणी झाली होती.

साध्या हातांनी केलेल्या तपासणीचा उपयोग किती, याचे उत्तर मुंबईतूनच मिळाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी केली, तर उरलेल्यांत केवळ माहिती दिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणीच्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. सर्व वयोगट मिळून मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित म्हणण्याजोगी नव्हती. परंतु ५० व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. या स्त्रिया म्हणजे मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरचाच गट. मॅमोग्राफी यंत्राशिवाय मिळालेला हा परिणाम ग्रामीण जिल्ह्यांसाठी महत्त्वाचा आहे.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. तिची सुरुवात आशा कार्यकर्तीने घरी येऊन भरलेल्या प्रश्नपत्रकाने होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का आणि कंबरेचा घेर किती, हे त्यात विचारले जाते. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरपर्यंतच्या घेराला शून्य गुण, ९० च्या पुढे दोन गुण. त्याच पत्रकाच्या पुढच्या भागात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल यांविषयीचे प्रश्न आहेत. गुण कितीही कमी असोत, यांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ असल्यास लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. स्तनाची गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी सुगीत मजुरी बुडवून दवाखाना गाठणे अनेक घरांत परवडत नाही; उपचार उशिरा सुरू होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

जालना जिल्ह्यातील स्त्रियांची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. जालना येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांसाठीचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

निदानानंतरचा व्यायाम

कर्करोग झाल्यानंतरचा व्यायाम हा प्रतिबंधाहून वेगळा विषय आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या अभ्यासात (२००५) निदान झालेल्या २,९८७ स्त्रियांपैकी, आठवड्याला तीन ते पाच तास सामान्य गतीने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० रुग्ण स्त्रियांवर योगाची यादृच्छिक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत मांडले. त्यात योग करणाऱ्या गटात आजार उलटण्याच्या जोखमीत सुमारे १५ टक्के सापेक्ष घट नोंदवली गेली. या चाचणीत योग नेहमीच्या उपचारांसोबत दिला होता, त्यांच्याऐवजी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येण्याच्या भीतीने पूर्वी रुग्णांना वजन उचलण्यास मनाई केली जाई. आता देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला हाताचा व्यायाम सुरक्षित मानला जातो, आणि काखेतील गाठी काढलेल्या स्त्रियांना खांदा आखडू नये म्हणून तो मुद्दाम शिकवला जातो.